तुझ्या आधी मी होतो

विज्या,

तीन महिने तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही, माफ कर. तब्येत ठीक, शुगर गोळीवर आहे, गुडघा कुरकुरतो, झालं. लिहायचं कारण वेगळंच आहे. हिला सांगायला गेलो तर म्हणाली आधी जेवून घ्या, गार होतंय. तुलाच कळेल.

गेल्या शनिवारी इथल्या एका मेडिकल कॉलेजात अ‍ॅडमिशनच्या इंटरव्ह्यूला परीक्षक म्हणून बसलो. आपल्या वेळसारखं एक टेबल आणि पलीकडे ओळीनं साहेब, तसलं नाही रे. एमएमआय म्हणतात, म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू, कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीवाल्यांनी काढलं, 2004 साली त्यावर त्यांचा पेपर आला. दहा खोल्या, प्रत्येकीत एक परीक्षक आणि एकच प्रश्न. पोरगं दाराबाहेर दोन मिनिटं प्रश्न वाचतं, आत येऊन आठ मिनिटं बोलतं, बेल वाजली की पुढची खोली. एका खोलीत जमलं नाही तरी नऊ उरतात. त्याचे बाकीचे मार्क मला कळत नाहीत, मी आपले दहापैकी लिहायचे. आणि परीक्षक कडक निघाला तर काही कॉलेजं त्याचे मार्क त्याच्याच सरासरीशी ताडून सारखे करून घेतात. मला फार आवडलं हे. आपल्या गणिताच्या सरांना लावायला हवं होतं, तुझी अख्खी नववी वाचली असती!

तर सकाळी एक मुलगी आली, काय बोलली म्हणून सांगू, 9 दिले. तिच्यामागून एक मुलगा. अडखळत, मधेच गप्प, खिडकीकडे बघत विचार करणारा. 4 दिले. प्रश्न सांगता येणार नाही, सही करून दिलीय. पण संध्याकाळी कागद परत द्यायच्या आधी माझ्याच नोंदी वाचल्या, तर समोरच्या माणसाला नेमकं काय हवंय हे आधी विचारायला पाहिजे असं दिवसभरात फक्त त्यानं म्हटलं होतं. मी स्वतःच्या हातानं ते लिहिलेलं, आणि खाली 4!

विज्या, तो त्या मुलीच्या आधी आला असता तर मी 7 दिले असते. मी कडक असलो तर गणितानं दुरुस्त होईल, पण कुणामागून कोण आलं ते त्या गणिताला दिसतच नाही.

पुण्याहून आपला इंटरव्ह्यू देऊन परत येताना एसटीत तू हेच म्हणाला होतास. "तू माझ्या आधी गेलास म्हणून." मी केवढा चिडलो, कराडला उतरून दुसऱ्या गाडीत बसलो. मी फाडफाड इंग्रजी बोलून बाहेर आलो आणि लगेच तू आत. तुला दुसरी खोली नव्हती, एकच होती. तीस वर्षं मी मनात म्हणत आलो की विज्या रडका आहे. तू बरोबर होतास.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या मेडिकल कॉलेजला 1979 साली सरकारनं ऐन वेळी 50 जागा वाढवायला लावल्या, तेव्हा इंटरव्ह्यूत मागे पडून नाकारलेलीच पोरं घ्यावी लागली. पुढं अभ्यासात, इंटर्नशिपमध्ये बघितलं तर आधी निवडलेल्यांत आणि ह्यांच्यात फरक नाही. हे वाचलं आणि तुझं दुकान डोळ्यासमोर आलं, काउंटरवर तू, आणि अर्धं गाव तुला विचारून औषध घेणारं.

कागद देईपर्यंत मार्क बदलता येतात. मी 4 खोडून 7 केले. आणि तेव्हापासून झोप नाही, कारण ते 7 त्या पोराला दिले की तुला, हे मलाच कळत नाहीये. बाकीच्यांच्या नोंदी तितक्या निवांत वाचायला वेळच नव्हता, बाहेर बाई कागद गोळा करायला उभी. त्यात अजून एखादा असाच अडखळणारा असेल तर? त्याच्यासाठी माझ्याकडे जुना मित्र नव्हता. पुढच्या वर्षी बोलावलं तर जाऊ का नको, सांग.

काकूंचं मोतीबिंदूचं झालं का? छोटीचं लग्न ठरलं म्हणे, तारीख कळव, डिसेंबरात असेल तर येतोच. आणि यावेळी कराडला उतरणार नाही.

तुझा,
बाळ्या