नथीची खूण

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता हुंकार भरतो, म्हणून हे पत्र. काल घशाला किरणांचा अठरावा शेक झाला. बसलेला आवाज काही उठत नाही. नाकातल्या नळीतून आई भाताची पेज सोडते आणि मग माझ्यासमोर भाकरी खायला लाजते.

परवा तू म्हणालीस, ‘बाबा, रामकृष्ण परमहंसांनाही घशाचाच कॅन्सर होता, त्यांनी कसा हसत सोसला!’ खरं सांगतो, राग आला होता. पण रिकामा वेळ ढीगभर, म्हणून वाचत बसलो. दुखणं 1885 चं. उपचारांसाठी दक्षिणेश्वर सोडून आधी श्यामपुकुरला, मग डिसेंबरात काशीपूरच्या बागेतल्या घरी. तिथेच 16 ऑगस्ट 1886 ला गेले. शेक नाही, नळी नाही. होमिओपॅथीचं औषध आणि पातळ खीर, तीही उतरेना. डॉक्टर महेंद्रलाल सरकार अवतार वगैरे न मानणारे. कुणाशी बोलायचं नाही म्हणून बजावायचे आणि स्वतः मात्र तासन्‌तास गप्पा मारत बसायचे! आपल्या डॉक्टरांना दोन मिनिटं नसतात.

शिष्यांनी गळ घातली, देवीला सांगा, निदान दोन घास जाऊ देत. त्यांनी सांगितलं. देवीने म्हणे सगळ्या पोरांकडे बोट दाखवलं, एवढ्या तोंडांनी खातोसच की! लोक नेमकं हेच सांगतात. मी मात्र अडलो त्याच्या अलीकडे. एवढा मोठा माणूस, पण त्यानेही मागितलं होतं. खाता येत नाही, असं सरळ सांगितलं होतं.

आणखी एक. त्यांच्या पत्नी शारदामाता अडीच शेर दुधाचं भांडं घेऊन जिन्यात पडल्या, पायाचा घोटा सरकला, वर येता येईना. आता भरवणार कोण? तर रामकृष्णांनी बाबुराम या शिष्यासमोर नाकाजवळ बोट गोल फिरवलं, म्हणजे नथवाली, आणि म्हणाले, तिला टोपलीत घालून डोक्यावरून वर आण ना! पोरं हसून लोळली. हे ‘हसत सोसणं’ मला पटलं.

मीही आईसाठी खूण ठरवलीय, कपाळावर बोट, म्हणजे टिकली. ती म्हणते, ‘लोकांना वाटेल, माझ्या नावाने कपाळाला हात लावताय.’

रविवारी येशील तेव्हा धीर द्यायला बसू नकोस, शेजारी बसून पोटभर जेव. आणि एक पाटी आण. इथल्या पाटीवर आईने दुधाचा हिशोब मांडलाय, पुसू देत नाही.

तुझा,
बाबा