बोरीबंदरचा जिना आणि आपली अभ्यासिका

नाशिक,
२२ जुलै

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. वहिनींना आता बरं आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. इकडे पावसाने जोर धरलाय. धरणातून पाणी सोडलंय, दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यांना पाणी लागलंय आणि संध्याकाळी अर्धी पंचवटी पुलावर उभी असते.

आज मात्र सविस्तर लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणासाठी. गेल्या महिन्यात मुंबईला कामाला गेलो होतो. काम दुपारीच आटोपलं, परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून बोरीबंदरचं स्टेशन, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, नीट पाहिलं. आपण नाशिककर पंचवटी एक्स्प्रेसने तिथे उतरतो, लोंढ्याबरोबर बाहेर पडतो, टॅक्सी धरतो आणि ती इमारत पाठीमागेच राहते. ती पाहायची तर रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीजवळ जाऊन उभं राहावं लागतं. दोन्ही इमारती एकाच माणसाच्या, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या. स्टेशनचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. हाताखाली सीताराम खंडेराव यांच्यासारखे आपल्याकडचे इंजिनियर होते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. मला तरी ते नाव वाचून मोठा आनंद झाला.

मधल्या घुमटाखालच्या भागात रेल्वेने जुन्या वस्तूंचं दालन केलंय. तिकीट काढून आत गेलो आणि त्या जिन्यापाशी खिळून राहिलो. बाळू, तू ड्रॉइंग शिकवतोस म्हणून तुला हे मुद्दाम लिहितोय. दगडी जिना, रुंद, वर घुमटाकडे चढत गेलेला, आणि खाली एकही खांब नाही. प्रत्येक पायरीचं एक टोक भिंतीत खोल गाडलेलं आहे, दुसरं मोकळं. वरची पायरी खालचीवर टेकते, तिचा भार पुढच्या पायरीवर जातो, असा तो उतरत उतरत जमिनीला पोचतो. मी खाली उभा राहून पायऱ्यांची तळबाजू बघत होतो. तीही घडवलेली आहे, गोलाई दिलेली आहे. वर चढणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही, तरी टाकीचं काम तितकंच नेटकं. मान वर केली की अष्टकोनी घुमटाच्या फासळ्या एका जागी येऊन मिळताना दिसतात. घुमटाच्या टोकावर बाहेरून प्रगतीची मूर्ती आहे, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक.

नक्षीकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं. खांबांच्या माथ्यावर पानं आहेत, वेली आहेत, त्यात दडलेले पक्षी आणि प्राणी आहेत. भिंतीवर नाना शंकरशेठ आणि जमशेटजी जीजीभॉय यांचे चेहरे आहेत, तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या-पागोटी घातलेली माणसं आहेत. फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ, एक इंग्लंडचा, एक आपला. छपराच्या कडेला तोंड वासून बसलेली जनावरं पावसाचं पाणी भिंतीपासून लांब फेकतात, आपल्या देवळांची गोमुखं करतात तेच काम. वऱ्हांडे खोल आहेत, त्यामुळे ऊन आत घुसत नाही आणि वारा खेळता राहतो. युरोपातली गॉथिक पद्धत मुंबईच्या हवेला मानवेल अशी करून घेतलीय, आणि माझ्या मते त्या इमारतीचं खरं शहाणपण तिथे आहे. नुसती उंची आणि नक्षी असती तर मी दहा मिनिटं बघून निघालो असतो.

मग उपनगरी गाड्यांच्या तिकीट खिडक्यांकडे गेलो. त्या दालनाला स्टार चेंबर म्हणतात. इटालियन संगमरवराचे आणि इथल्या निळसर दगडाचे घोटलेले खांब, वर कमानी आणि छतावर सोनेरी चांदण्या. त्या छताखाली एक बाई कडेवर मूल घेऊन ठाण्याचं तिकीट काढत होती. पाटी डोक्यावर घेतलेला एक माणूस घाईघाईने निघून गेला. कोणी वर पाहिलं नाही, पण छत त्यांचं होतं. तेव्हापासून माझ्या मनात हेच घोळतंय. ही इमारत सत्तेचा रुबाब दाखवायला बांधली, तिला व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं, डब्यांचे आणि माणसांचे वर्ग पाडले, हे सगळं मान्य. तरी त्या दालनात कोणालाही उभं राहता येतं, आणि इतकं उत्तम काम त्याच्या वाट्याला येतं.

आपण काळारामाच्या आवारात लहानाचे मोठे झालो. तो काळा दगड, ते खांब, सभामंडपातला गारवा आपल्या अंगात मुरलाय. पण त्याच दारात २ मार्च १९३० पासून बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांना अस्पृश्य मानलेल्या माणसांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला आणि तो पुढे काही वर्षं चालला. इतकं देखणं बांधकाम आणि दार बंद! म्हणून मला वाटतं, सार्वजनिक इमारत बघताना पहिल्यांदा तिचं दार बघावं.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेवर अभ्यासिका बांधायचं ठरलंय, हे तुला फोनवर सांगितलं होतं. कंत्राटदाराने नकाशा आणलाय. एक चौकोनी खोका, समोर काचा, वर पत्र्याची सजावट. पश्चिमेकडे सगळ्या काचा! मार्च-एप्रिलमध्ये तिथे पोरं बसतील कशी? वर एसीचं बिल कोण भरणार? समितीतल्या काहींचं म्हणणं, "अभ्यासिकाच तर आहे, कुठे राजवाडा बांधायचाय?" मला हे पटत नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, एका खोलीत चौघं-चौघं राहणारी ही पोरं. दिवसाचे बारा-बारा तास ती तिथे बसतील. त्यांच्या वाट्याला चांगली जागा का येऊ नये?

मला फार काही नको. काळ्या दगडाचं जोतं हवं, म्हणजे ओल वर चढणार नाही. समोर खोल ओसरी हवी, तिथे डबा खाता येईल, गप्पा मारता येतील. पश्चिमेला जाळी आणि खिडक्या उत्तरेला. जिना आतून दिसेल असा, आणि त्याची खालची बाजूसुद्धा नीट केलेली. दगडाचा खर्च वाढेल हे मला ठाऊक आहे, पण काचा आणि पत्रा काढला तर बराचसा भरून निघेल. हिशेब मी मांडतोय.

तू एवढं कर. सोबत जागेची मापं पाठवतोय. तुझ्या हाताने दर्शनी बाजूचं एक रेखाचित्र काढून पाठव. आकडे सगळ्यांना कळत नाहीत, चित्र कळतं. दार रस्त्याकडे ठेव आणि दारापुढे पायऱ्यांबरोबर उतारही दाखव, आमच्याकडे कुबड्या घेऊन येणारा एक मुलगा आहे. घडीव काम करणारा कोणी पाथरवट तुझ्या ओळखीत असेल तर त्याला दर विचार. समितीची बैठक पंधरा ऑगस्टनंतरच्या रविवारी आहे, त्याआधी चित्र हातात हवं.

वहिनींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद. आईने तुझ्यासाठी नाचणीचे पापड ठेवलेत, गणपतीत आलास की घेऊन जा.

तुझाच,
दिनू