स्कोअर चुकला तरी पाटी माझ्याच हातात ठेवणाऱ्या अंकलना

प्रिय अंकल,

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. मी बोस्टनजवळच्या क्विन्सीला येऊन वाचून दाखवीन. तुम्ही व्हॉलीबॉलच्या नेटच्या खांबाला टेकून मित्रांशी होयसान या चिनी बोलीत दोन-दोन तास गप्पा हाणायचात आणि मी शेजारी बसून एक अक्षरही न कळता ऐकत असायचे. त्याची ही परतफेड समजा. आभार इंग्रजीत मानले असते, तर तुम्ही नेहमीसारखा हात उडवून "पाणी पी" म्हणून मोकळे झाला असता.

आपली ओळख कोथिंबिरीमुळे झाली, हे तुम्हाला ठाऊक नाही. मे 2019. बोस्टनमधला माझा पहिला हिवाळा कसाबसा सरला होता. दर रविवारी मी चायनाटाउनमध्ये भाजी आणायला यायचे, कारण कारली, भेंडी आणि कोथिंबिरीची मोठी जुडी परवडेल अशा भावात तिथेच मिळायची. चायनाटाउन म्हणजे माझ्या लेखी बीच स्ट्रीटवरची कमान, तीन दुकानं आणि एक बेकरी. त्या दिवशी साउथ स्टेशनकडे जाताना वाट चुकले आणि नीलँड स्ट्रीटच्या टोकाला, हायवेच्या रॅम्पांच्या बेचक्यात, तारेच्या कुंपणाआडून चेंडूचा आवाज आला. आत डांबरावर व्हॉलीबॉल चालला होता. मी सवयीने माणसं मोजली. एका बाजूला नऊ!

आमच्याकडे सहा जणांचा व्हॉलीबॉल असतो, गावाकडच्या जत्रेत शूटिंग व्हॉलीबॉल असतो, पण नऊ? मी कुंपणाला नाक लावून उभी. उन्हात कोथिंबीर मान टाकत होती. तेवढ्यात तुम्ही आतून विचारलंत, "मोजता येतं का?" मी हो म्हटलं. तुम्ही घडीची खुर्ची उघडलीत आणि आकडे उलटायची पाटी माझ्या मांडीवर ठेवलीत. नाव-गाव काही नाही.

दुसऱ्याच सेटला मी घोळ घातला. ज्याचा पॉइंट त्याला न देता समोरच्याला दिला आणि अठरा माणसं माझ्या दिशेने ओरडायला लागली. निम्मी इंग्रजीत, निम्मी चिनीत. मी पाटी ठेवून पळणारच होते. तुम्ही सावकाश चालत आलात, आकडा दुरुस्त केलात, पाटी पुन्हा माझ्याच हातात दिलीत आणि वर एक सोललेलं संत्रं. पोरांना काय म्हणालात ते तेव्हा कळलं नाही. नंतर कोणीतरी सांगितलं: "पुढच्या वेळी तुम्ही मोजा, ती खेळेल."

पोरं तुम्हाला 'आ-बाक' म्हणायची, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मी 'अंकल'वरच राहिले, कारण माझा 'आ-बाक'चा उच्चार ऐकून सगळे हसायचे.

हे पत्र मराठी माणसंही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी खेळाबद्दल थोडं सांगते, तुम्ही तोवर चहा घ्या. याला सगळे 'नाइन-मॅन' म्हणतात. कोर्ट नेहमीपेक्षा मोठं, वीस मीटर बाय दहा मीटर. नेट पुरुषांच्या नेहमीच्या नेटपेक्षा जरा खाली, 2.35 मीटरवर. खेळाडू फिरत नाहीत. ज्याची जी जागा, त्याने तीच आयुष्यभर राखायची. ब्लॉकला हात लागला तर तोही तीन स्पर्शांतला एक धरतात, त्यामुळे नेटजवळ नुसती घाई असते. आणि हे सगळं डांबरावर. चेंडूसाठी पोरं डांबरावर सूर मारतात! पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.

खेळाचा प्रवास तुम्ही मला व्हॅनमध्ये सांगितलात, एका हाताने स्टिअरिंग धरून, तेव्हाही मी अधूनमधून डोळे मिटत होते. 1895 मध्ये व्हॉलीबॉल जन्मला तो याच मॅसॅच्युसेट्समध्ये, होलियोक गावात. वायएमसीए ही ख्रिस्ती संघटना आणि मिशनरी यांच्याबरोबर तो चीनला गेला. आशियात आधी एका बाजूला सोळा, मग बारा, मग नऊ असं करत आकडा उतरला. दक्षिणेत ग्वांगडोंग प्रांतातल्या तोयसान (तुमच्या बोलीत होयसान) भागाने तर तो घरचाच करून टाकला. त्या काळी अमेरिकेत आलेल्या चिन्यांपैकी पुष्कळ जण याच तोयसानचे आणि आसपासच्या तालुक्यांचे. त्यांच्याबरोबर चेंडू परत आला, तो होलियोकपासून दीडशे किलोमीटरांच्याही आत. "जगाची प्रदक्षिणा घालून शेजारच्या गल्लीत," असं म्हणून तुम्ही एवढे हसलात की आपली वळायची जागा चुकली.

1930च्या दशकात बोस्टन आणि प्रॉव्हिडन्सचे संघ एकमेकांशी खेळायला लागले. लाँड्रीत आणि हॉटेलांत राबणारी माणसं. आठ पौंडांची इस्त्री आठवडाभर फिरवायची आणि सुटीच्या दिवशी चेंडू मारायचा. 1940च्या दशकाच्या मध्यापासून मोठी स्पर्धा सुरू झाली. ती आजही लेबर डेच्या सुटीत, दरवर्षी वेगळ्या शहरात भरते. तुम्ही पहिल्यांदा ती पाहिलीत ती वडिलांच्या खांद्यावर बसून.

तुमच्या वडिलांबद्दल मी फार उशिरा विचारलं. ते मे 2021 मध्ये.

त्या महिन्यात मुंबईत, माझगावच्या घरी, माझी आजी वारली. करोनाची दुसरी लाट होती. 4 मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या माझ्यासारख्यांना बंदी घातली होती. जाता आलं असतं, पण परत कधी येता येईल हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि नोकरी लागून जेमतेम वर्ष झालेलं. मी गेले नाही. फोनच्या पडद्यावर सगळं पाहिलं. रविवारी पाय आपोआप आपल्या त्या मैदानाकडे, रेजी वाँग पार्ककडे वळले. सामने बंद होते. तुम्ही एकटेच मास्क लावून नेटची गाठ सोडवत बसला होतात. मी सांगितलं. तुम्ही "वाईट झालं" वगैरे काही म्हणाला नाहीत. गाठीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलंत आणि वडिलांचं सांगायला लागलात.

1882च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केलं. 1906च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोची सरकारी दप्तरं जळाली, तेव्हा इथल्या बऱ्याच चिन्यांनी आपण इथेच जन्मलो, म्हणजे नागरिकच, असं सांगितलं आणि त्यांचे 'कागदावरचे मुलगे', म्हणजे फक्त कागदोपत्री मुलगे, येऊ लागले. तुमचे वडील तसेच आले, दुसऱ्याच कोणाचं तरी आडनाव विकत घेऊन. तुमच्या लायसन्सवर आजही तेच आडनाव आहे. 1936 मध्ये ते गावी जाऊन लग्न करून आले. त्यानंतर अकरा वर्षं बायको दिसली नाही. आधी जायचं धाडस होईना, कारण परत येताना तपासनीस खोदून खोदून प्रश्न विचारायचे: गावातल्या विहिरीपासून तुमचं घर कितवं? एक उत्तर चुकलं की संपलं. मग युद्ध. 1943 मध्ये कायदा उठला, तोही वर्षाला फक्त 105 माणसांपुरता. वडील सैन्यात होते म्हणून युद्धानंतर सैनिकांच्या बायकांसाठीच्या सवलतीत तुमची आई 1947 मध्ये येऊ शकली.

"मग अकरा वर्षं त्यांनी केलं काय?" मी विचारलं.

"आठवडाभर इस्त्री," तुम्ही म्हणालात. "रविवारी हे." आणि नेट हलवून दाखवलंत.

अंकल, त्या दिवशी तुम्ही माझं सांत्वन केलं नाहीत, हे तुमचे माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार. माझ्या आजोबांचं अख्खं तारुण्य परळच्या एका गाळ्यात, कोकणातल्या वीस-पंचवीस गाववाल्यांबरोबर गेलं. आजी गावी, गणपती-शिमग्याला भेट, बाकी मनीऑर्डर. संध्याकाळी गल्लीत कबड्डी. मला वाटायचं हे फक्त आमचंच. अर्थात आजोबांना आजीकडे जायला कोणाचा कायदा आडवा येत नव्हता, फक्त पैसा आणि रजा. हा फरक मोठा आहे. तो तुमच्यासमोर मी पुसून टाकणार नाही.

आता चायनाटाउनांबद्दल. तुमच्या व्हॅनमध्ये मागे नेट, दोन बर्फाच्या पेट्या, पोरांचे घामट गुडघापट्टे आणि मी. ज्या गावी सामने, त्या गावी तुम्ही सकाळी लवकर उठवून फिरायला न्यायचात. इतर लोक कमानीखाली फोटो काढतात. तुम्ही कमान सोडून भलत्याच जागी नेऊन उभं करायचात आणि म्हणायचात, "इथे होतं."

टोरांटोला सिटी हॉलच्या दोन वाकड्या इमारतींसमोर उभं केलंत. "इथे होतं." एलिझाबेथ स्ट्रीटवरचं जुनं चायनाटाउन पाडून 1965 मध्ये तो हॉल उभा राहिला आणि माणसं स्पडायना रस्त्याकडे सरकली. फिलाडेल्फियात व्हाइन स्ट्रीटचा खोल हायवे दाखवलात. मोर्चे काढून लोकांनी निदान चर्च आणि शाळा वाचवली. तिथेच शेजारी बास्केटबॉलचं भलंमोठं स्टेडियम येणार होतं, तो बेत जानेवारी 2025 मध्ये रद्द झाला, तेव्हा तुम्ही मला सकाळी सहाला फोन केला होतात. वॉशिंग्टनला 1986ची झगझगीत कमान आहे, कॉफीच्या दुकानापासून औषधांच्या दुकानापर्यंत सगळ्या पाट्यांवर चिनी अक्षरं आहेत. "अक्षरं आहेत, वाचणारे गेले," तुम्ही म्हणालात. मग वा लक हाउसकडे बोट केलंत, जिथे उरलेली म्हातारी माणसं राहतात. खाली बाकावरच्या एका आजींशी तुम्ही अर्धा तास बोललात. विषय काय होता विचारलं तर म्हणालात, "तिचा नवरा सर्व्हिस नेहमी नेटमध्ये मारायचा."

न्यूयॉर्कला मात्र "इथे होतं" नव्हतं. सूअर्ड पार्कमध्ये तुम्ही पोहोचलात आणि चाळीस पावलांत चाळीस माणसं भेटली. बाकांवर पत्ते, कडेला व्यायाम करणाऱ्या बायका आणि मधोमध सामना. तिथे पहिल्यांदा मला पटलं की चायनाटाउन हे खायला जायचं ठिकाण नाही, कोणाचं तरी अंगण आहे. आणि अंगणात पाहुण्याने बूट कुठे काढायचे ते विचारायचं असतं.

हडसन स्ट्रीट तुम्ही मला सगळ्यात शेवटी दाखवलात. आपल्याच बोस्टनमध्ये, पार्कपासून दहा मिनिटांवर. 1960च्या दशकात हायवेसाठी त्या रस्त्याची एक अख्खी बाजू पाडली. तुमचं घर त्या बाजूला. रॅम्प आला, पुढे तोही गेला आणि आता तिथे उंच इमारत आहे. तुम्ही फुटपाथवर एका जागी थांबून म्हणालात, "स्वयंपाकघर." एवढंच. मी काही बोलले नाही, पाणी दिलं.

एक गोष्ट मात्र आपली कधी जुळली नाही, ती आभाराच्या पत्रातही लिहिते. स्पर्धेच्या नियमाने पुरुषांच्या संघात मैदानावरचे दोन-तृतीयांश खेळाडू पूर्ण चिनी वंशाचे हवेत, बाकीचे पूर्व किंवा आग्नेय आशियाई. बायकांचे सामने सहा जणींचे असतात. मी कशातच बसत नाही, त्याचं दुःख नाही, माझा शॉट तुम्ही पाहिलाय. पण वंश तपासून मैदानात घेणं मला टोचतं. आमच्याकडे जन्म पाहून पाणवठे वाटले गेले, त्यामुळे असेल. तुम्ही म्हणालात, "आम्हाला कोणी कुठेच खेळू देत नव्हतं, तेव्हा एवढं एक आमचं राहिलं." तेही खरं. मग तुमचाच नातू, आई आयरिश म्हणून, कोण किती चिनी हे मोजताना अडतो, तेव्हा तुम्ही गप्प बसता. मीही गप्प बसते. आपलं भांडण इथेच थांबलंय आणि बरं थांबलंय.

आणि माझगाव! मी सहज म्हटलं होतं की आमच्या घराजवळ, डॉकयार्डच्या बाजूला, एक चिनी देऊळ आहे. शाळेत जाताना लाल दरवाजा दिसायचा. आजीची कवळीही चिनी डेंटिस्टने केलेली, मुंबईत ते प्रसिद्धच होते. तुम्ही देवळाचं नाव विचारलंत. "सी यप कून," मी म्हटलं. तुम्ही व्हॅन बाजूला घेतलीत. सी यप म्हणजे चार तालुके, आणि त्या चारांतला एक तोयसान. भावाला फोन करून रात्रीच्या रात्री फोटो मागवले. 1919चं देऊळ, आत लाल चेहऱ्याचे, लांब दाढीचे क्वान कुंग. "हे आमच्या मंडळाच्या हॉलमध्येपण आहेत," तुम्ही म्हणालात, आणि फोनचा पडदा मोठा करून भिंतीवरची नावं एकेक करत वाचत राहिलात. 1962च्या युद्धानंतर मुंबईतली बरीच चिनी कुटुंबं निघून गेली, हे मी सांगितलं. तुम्ही विचारलंत, "मग दिवा कोण लावतं?" माहीत नव्हतं. भाऊ विचारून आला. लागतो.

लहानपणी हजारदा त्या दरवाज्यावरून गेले आणि एकदाही आत डोकावले नाही. त्यासाठी मला बोस्टनला येऊन कोथिंबीर सुकवावी लागली.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही लेकीकडे क्विन्सीला आहात आणि व्हॅनची किल्ली माझ्याकडे. डॉक्टर म्हणतात, यंदा लांबचा प्रवास नको. ठीक आहे. खुर्ची मागच्या बाजूला बांधून ठेवते, डॉक्टरांचं मत बदललं तर. नेटची वरची दोरी कुजली होती, ती बदलली. डावीकडच्या खांबाचा बोल्ट मात्र निघत नाहीये. तुम्ही त्याला काहीतरी शिवी देऊन फिरवायचात, ती शिवी फोनवर सांगा. संत्री मी घेईन. पोरांना चिवडा आवडतो म्हणून आईने दोन किलो पाठवलाय, त्यातला अर्धा तुमच्यासाठी काढून ठेवते.

तुमची,
पाटीवाली