पाऊस मागायला रॉकेट

उबोन राचथानी, थायलंड

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

बँकॉकचे फोटो तू पाहिलेसच, ते पुन्हा लिहीत बसत नाही. मॉल इथून तिथून सारखेच. मला बरं वाटलं ते रात्रीच्या गाडीने ईशान्येला निघाल्यावर. या भागाला इसान म्हणतात. प्रांत २०, देशातली जवळजवळ एक तृतीयांश माणसं इथली. जमीन रेताड, भातशेती बहुतेक पावसाच्या भरवशावर, आणि पाऊस लहरी. म्हणून इथली पोरं बँकॉकला टॅक्सी चालवतात, बांधकामावर जातात. आपल्या साक्री-शिंदखेड्याचे लोक सुरत गाठतात, तसंच.

यासोथोनला बुन बांग फाय बघायला मिळालं. मे महिन्यात, पेरणीच्या तोंडावर, गावंच्या गावं दारू ठासून रॉकेटं बनवतात आणि आभाळात सोडतात. सगळ्यात मोठ्या जातीच्या रॉकेटात १२० किलो दारू! पूर्वी बांबूची नळी असायची, आता प्लास्टिकचा पाइप आला. कथा अशी सांगतात, की फाया थेन या आभाळातल्या देवाने पाऊस अडवून धरला. तेव्हा बेडकांच्या राजाने प्राण्यांची फौज जमवून त्याच्यावर चाल केली आणि जिंकला. तह ठरला: खालून रॉकेट वर आलं की देवाने पाऊस सोडायचा. ऐकलं आणि लहानपणी धोंडी मागत फिरायचो ते आठवलं. तिथेही बेडूक, इथेही बेडूक! फरक एवढाच, की इथला बेडूक देवाशी भांडतो. आपल्याकडे त्या बिचाऱ्याला मुसळाला बांधून दारोदार फिरवतात. मला इथला जास्त आवडला.

ज्यांचं रॉकेट उडालं नाही त्यांना चिखलात लोळवतात, तेही हसत हसत लोळतात. किती वेळ वर राहील यावर पैजा लागतात, तो भाग मला रुचला नाही.

जेवायला इथे चिकट भात. रात्रभर भिजवायचा, सकाळी बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवायचा, मग विणलेल्या झाकणाच्या डब्यात घालून दिवसभर पुरवायचा. हातानेच खातात, छोटा गोळा वळून. बँकॉकचे चमचे-काटे सुटले याचा मला केवढा आनंद! भिक्खू सकाळी भिक्षेला येतात, तेव्हा त्यांच्या पात्रातही हाच भात हाताने घालतात. कच्च्या पपईची कोशिंबीर खलबत्त्यात कुटतात. फक्त आधीच सांगावं लागतं, आंबवलेले मासे घालू नका म्हणून. सांगितलं नाही तर घालतातच.

आता तुला मुद्दाम सांगायची गोष्ट. इथल्या माणसांची घरची बोली लाओ आहे. १८९३ मध्ये फ्रेंचांशी तह होऊन मेकाँग नदी सीमा ठरली आणि एकाच बोलीची माणसं दोन बाजूंना पडली. आज लाओ बोलणारे लाओसपेक्षा थायलंडमध्येच जास्त आहेत. पण १९२१ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, तेही बँकॉकच्या थाईत. त्यामुळे घरचं बोलणं म्हणजे खेडवळ, असं पोरांच्या डोक्यात बसलं. आमच्या खानावळीची मालकीण गिऱ्हाईक शहरी दिसलं की थाई बोलते, आवाज बारीक करून, अगदी शिस्तीत. मागच्या मोरीपाशी बहिणीशी बोलायला लागली की आवाज खुलतो, हात हलायला लागतात. जेवण झाल्यावर मी शिकून ठेवलेलं इकडचं 'सॅप' म्हणाले, बँकॉकचं 'आरोय' नाही. त्यानंतर ती माझ्याशी लाओच बोलत राहिली. मला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं, तिला त्याचं काही नव्हतं.

गाडीत एक मुलगा भेटला, बँकॉकला नोकरी करणारा. आईचा फोन आला तर थाईतच उत्तरं देत होता, बाजूला बसलेल्यांकडे बघत बघत. मला कोण आठवलं, ते तू ओळखलं असशील. वसतिगृहातून फोन करतेस तेव्हा मैत्रिणी खोलीत असल्या की तुझी अहिराणी कुठे जाते?

बुरीरामजवळ फनोम रुंगचं शिवमंदिर पाहिलं, विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर. तिथली शेषशायी विष्णूची कोरीव द्वारपट्टी चोरीला जाऊन शिकागोच्या संग्रहालयात पोचली होती, ती १९८८ मध्ये परत आली. त्यावर सावकाश लिहीन.

उद्या खोंग चियामला निघतोय, मून नदी मेकाँगला मिळते तिथे. तिकडे फोन लागेल न लागेल, म्हणून रविवारी आजीला तूच फोन कर. मराठीत सुरू केलंस तर ती "हो, बरं" म्हणून दोन मिनिटांत ठेवून देईल, अहिराणीत बोल. आणि तिच्या गुडघ्याचं तेल संपलंय का, तेवढं विचार.

तुझी,
आई