हतनूरच्या उथळ पाण्यात बोटुकली वाढवू द्या

संपादक महोदय,

हतनूर धरणात दरवर्षी मत्स्यबीज सोडलं जातं, पण त्यातलं जगतं किती, हे कुणी बघत नाही. गाडी येते, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या काठावरच फोडतात, गाडी निघून जाते. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवावी लागते, म्हणजे आतल्या-बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं होतं. तेवढी सवडही कुणाला नसते. त्यात बीज जेमतेम इंच-दीड इंचाचं. काठच्या गवतात मरळ टपलेलाच असतो. वाचलंच काही, तर दरवाजे उघडले की तापीत वाहून जातं.

आसामच्या बिलांमध्ये, म्हणजे नदीकाठच्या उथळ तळ्यांमध्ये, यावर चांगला उपाय चालतो. उथळ पाण्यातच बांबू रोवून जाळीचं कुंपण घालतात आणि त्यात कटला, रोहू, मृगळाचं बीज वाढवतात. बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेनं ही पद्धत शिकवली आहे. जाळीचा खालचा काठ चिखलात खोल दाबावा लागतो, नाहीतर तळाला चरणारा मृगळ पहिला निसटतो. शेंगदाण्याची पेंड नि भाताचा कोंडा घातला की दोन-तीन महिन्यांत चार इंचांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, होतात. मग कुंपण उघडायचं. एवढ्या मोठ्या माशाला गिळणं मरळालाही सोपं नसतं.

तापी आणि पूर्णा गाळ आणून टाकतात, त्यामुळे हतनूरला असं उथळ पाणी भरपूर आहे. पावसाळा सरून दरवाजे बंद झाले की ऑक्टोबरात कुंपण घालावं नि पाणी उतरायच्या आत काढून घ्यावं. बांबू सातपुड्यातून येईल.

मात्र सगळीकडे जाळ्या नकोत. हिवाळ्यात चक्रवाक नि बदकं जिथे उतरतात, ती जागा सोडलीच पाहिजे. जाळीत पाय अडकलेलं बदक मी सोडवलंय; धडपडीत त्याच्या पंखांची पार चाळण झाली होती. होड्यांची वाटही मोकळी ठेवावी. आणि कुंपणं बाहेरच्या ठेकेदाराला नकोत, काठावरच्या भोई-कोळ्यांच्या संस्थांनाच द्यावीत. आमची पोरं कामासाठी सुरतेला जाताहेत, आणि भुसावळच्या बाजारात आंध्रातून बर्फात आलेला रोहू विकला जातोय.

मत्स्यव्यवसाय आणि पाटबंधारे खात्यानं या ऑक्टोबरात निदान एक कुंपण करून बघायची परवानगी द्यावी. राखणीला रात्री आम्ही थांबू.

– एक मासेमार, ता. मुक्ताईनगर, जि. जळगाव