वाचनालयाच्या कपाटात कॉमिक्सलाही जागा द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खेड्यांतील वाचन आटत चालल्याबद्दलचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. त्यातील तळमळ खरी आहे. परंतु मुलांच्या हाती आता ‘नुसती कॉमिक्स’ उरली आहेत, असे एक वाक्य लेखाच्या शेवटी ओझरते येऊन गेले, त्याबद्दल थोडे लिहावेसे वाटते. कारण गेल्या मृगापासून, वयाच्या ५२व्या वर्षी, मी स्वतःच ही ‘नुसती कॉमिक्स’ वाचू लागलो आहे.

माझा पुतण्या अकोल्याला कृषी पदवीचे शिक्षण घेतो. सुटीत येताना त्याने ‘सिल्व्हर स्पून’ या जपानी चित्रमालिकेचे, म्हणजे तिकडे ज्याला मांगा म्हणतात त्या प्रकारातील, पहिले आठ भाग इंग्रजी भाषांतरात आणले. पाऊस लांबल्याने पेरण्या खोळंबल्या होत्या आणि हाताला काम नव्हते, म्हणून मी पहिला भाग आपल्या सवयीप्रमाणे डावीकडून उघडला. दहा-बारा पाने झाली तरी माणसे आधी उत्तर देतात आणि मग प्रश्न विचारतात, हे कोडे मला सुटेना. शेवटी पुतण्याने हसत पुस्तक माझ्या हातून घेतले आणि दुसऱ्या बाजूने उघडून दिले. जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होते आणि पानावरच्या चौकटीही उजवीकडून डावीकडे वाचायच्या असतात.

या मालिकेच्या लेखिका आणि चित्रकार हिरोमु अराकावा होक्काइदो बेटावरील दूधउत्पादक शेतकऱ्याच्या घरी वाढल्या. २०११ ते २०१९ या काळात त्यांनी ही कथा लिहिली आणि तिचे एकूण १५ भाग झाले. हाचिकेन नावाचा शहरी मुलगा परीक्षांच्या शर्यतीत खचून जातो आणि घरापासून दूर जायचे, एवढ्याच कारणाने एका कृषी शाळेच्या वसतिगृहात दाखल होतो. अकोल्या-नागपूरच्या ‘नीट’च्या क्लासला मुले पाठवणाऱ्या आमच्या भागातील पालकांना हा मुलगा ओळखीचा वाटेल. तेथे एक अशक्त, मागे पडलेले डुकराचे पिल्लू त्याला लळा लावते. पुढे कत्तलखान्यात जाणाऱ्या जनावराला नाव देऊ नये, असे सोबतचे शेतकऱ्यांचे पोर सांगतात, तरी तो त्याचे नाव ‘बुताडोन’ ठेवतो. भातावर डुकराचे मांस घालून देतात, त्या पदार्थाचे हे नाव आहे. पिल्लू मोठे होते, विकले जाते, आणि सुटीत राबून मिळवलेल्या मजुरीतून हाचिकेन त्याचे सगळे मांस स्वतः विकत घेतो. ज्या घरात पोळ्याला शिंगांना बेगड लावलेला बैल पुढल्या उन्हाळ्यात बाजारात उभा केला गेला आहे, त्या घरातल्या मुलाला हे प्रकरण समजावून सांगावे लागत नाही.

मला मात्र खरे हलवले ते पुढच्या भागांनी. हाचिकेनचा वर्गमित्र कोमाबा हा बेसबॉलचा उमदा खेळाडू. वडील वारलेले, आईवर गोठ्याचा भार. कर्जापायी त्यांचा व्यवसाय बुडतो आणि कोमाबा शाळा सोडतो. त्याच कर्जाला जामीन राहिलेल्या मिकागे कुटुंबाला आपले घोडे विकावे लागतात. जामीन राहणे म्हणजे काय, हे सोसायटीच्या कर्जावर शेजाऱ्यासाठी सही केलेल्या कोणत्याही माणसाला विचारावे. या प्रसंगांत उगाच अश्रू ढाळलेले नाहीत की शासनाच्या नावाने लांबलचक भाषणेही नाहीत. मी ओसरीवर बसून हे भाग दोन-चार पोरांना आमच्या बोलीत सांगत होतो, तेव्हा नववीतल्या एकाने मध्येच विचारले, ‘‘काका, मंग त्याईच्या घरावर बी जप्ती आली का?’’ पाठ्यपुस्तकातला धडा ऐकताना त्याने असा प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

या अनुभवानंतर आमच्या गावच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात अशी काही पुस्तके घ्यावीत, असे मी बैठकीत सुचवले. एका ज्येष्ठ सदस्याने भाग चाळला आणि टेबलावर ठेवून दिला. ‘‘भाऊ, यात वाचाचं काय हाय? हे तं लेकराईचे चित्रं हायेत,’’ एवढ्यावर विषय संपला. अनुदान तुटपुंजे आहे आणि स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांना मागणी आहे, हे मला मान्य आहे. पण ज्यांनी हा निकाल दिला, त्यांच्यासोबतच मी बालपणी तालुक्याच्या एस.टी. स्टँडवरून आणलेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ वाचली आहेत. १९६४ साली सुरू झालेली ती मालिका १९९० मध्ये बंद पडली. तिच्यातला वेताळ आणि घरोघरी येणारा ‘चांदोबा’ यांच्या जोरावरच आमच्या पिढीला अक्षरांची गोडी लागली, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो आहोत.

शिवाय चित्रे म्हणजे बालवाङ्मय, हे समीकरणच चुकीचे आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांनी चितारलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ २०११ मध्ये इंग्रजीत आले. त्यात माणसांना चौकटींत कोंडलेले नाही. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येते, तर विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. अस्पृश्यतेचा डंख मी भाषणांतून पुष्कळदा ऐकला होता. त्या पानांवर तो डोळ्यांना दिसला. जपानचे ओसामु तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात बुद्धाच्या जीवनावर प्रदीर्घ चित्रमालिका रचली. धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लोक भाकरीचे गाठोडे घेऊन येतात आणि परतताना पुस्तकांचे गाठोडे नेतात. तेथील स्टॉलवर ही मालिका मराठीत ठेवून पाहावी. ती धूळ खात पडेल, असे मला वाटत नाही.

प्रकाशकांना एवढेच सुचवावेसे वाटते की ‘सिल्व्हर स्पून’सारखी कथा मराठीत आणताना होक्काइदोच्या शेतकऱ्यांच्या तोंडी पुणेरी घालू नये. हाचिकेनने हवे तर प्रमाण भाषेत बोलावे. गोठ्यातल्या माणसांनी वऱ्हाडीत बोलले तरच शहरी पोराची फजिती वाचकाला कळेल. चित्रांत रेखाटलेल्या आवाजांसाठी आपल्याकडे धबधब, सळसळ, खणखण अशा शब्दांची मुळीच वाण नाही. पाने मात्र उजवीकडूनच वाचू द्यावीत. मला जमले, तर दहा वर्षांच्या मुलाला न जमायला काय झाले?

आपल्या पुरवणीतील पुस्तक-परिचयाच्या सदरात महिन्यातून एखादे तरी कॉमिक घ्यावे, अशी विनंती आहे. वृत्तपत्रात परिचय छापून आला की आमच्या बैठकीत कात्रण दाखवता येते आणि विषय पुन्हा मांडता येतो. तोवर ते आठही भाग आमच्या घरी, धान्याच्या कोठीशेजारच्या फळीवर आहेत आणि कोणी कोणता भाग नेला, याची नोंद मी जुन्या वहीत ठेवतो. सध्या तिसरा भाग दोन आठवड्यांपासून परत आलेला नाही, आणि वहीत त्या ओळीवर त्याच ज्येष्ठ सदस्याच्या नातवाचे नाव आहे.

आपला एक नियमित वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ