आरशाचे पैसे पाठवलेत

नाशिक, मंगळवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज मिळाला. कुत्रं आडवं आलं, हे तू तिसऱ्यांदा लिहिलंस. कुत्रं आडवं आलं तर माणूस ब्रेक दाबतो रे. तुझा डावा आरसा आणि फुटरेस्ट तेवढे घासलेत, म्हणजे तुझा डोळा लागला आणि गाडी आपसूक कडेला गेली. हा विषय काढणार नव्हते.

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, ओरेक्सिन हे जागं ठेवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी असतात. जेमतेम 70,000. ओरेक्सिनचा शोध 1998 सालचा. हिस्टामिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन हीही मेंदू जागा ठेवणारी रसायनं, त्यांच्या पेशींना त्या टोचत राहतात, म्हणून आपण सलग जागे असतो. त्यातल्या बहुतेक मेल्या की नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसाढवळ्या अचानक झोप लागण्याचा आजार. तुझ्या शाबूत आहेत, पण रात्रभर जागलास की अ‍ॅडेनोसिन, म्हणजे झोप आणणारं रसायन, साचतं आणि झोपेच्या पेशी वरचढ होतात. तेही हळूहळू नाही, खटका पडावा तसं. ताशी 80च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी 67 मीटर जाते. चंदनापुरी घाटात 67 मीटर!

त्यात सर्दीची गोळी घेऊन निघालास. आप्पांच्या डब्यातली ती जुनी गोळी मेंदूत शिरून हिस्टामिनच अडवते. कॉफीचा भरवसा नको. ती अ‍ॅडेनोसिनची जागा अडवते, अ‍ॅडेनोसिन काढून टाकत नाही.

वर्गात शिकवल्यासारखं झालं, राग मानू नकोस. लहानपणी नवश्या गणपतीहून येताना स्कूटरवर आमच्या दोघांच्या मध्ये झोपायचास. ओढणीने बांधून आणायची तुला. आता लाइनवरच्या वीस जणांची शिफ्ट तू सांभाळतोस, मावशीला दहादा सांगून झालं.

पण नाइट संपवून लगेच किक मारायची नाही. खोलीवर झोप, दुपार उलटल्यावर निघ. वाटेत जांभया सुरू झाल्या, मागचे दोन किलोमीटर आठवेनासे झाले, तर आळेफाटा असो की संगमनेर, थांबायचं. आधी कॉफी घे, मग लगेच 20 मिनिटं आडवा हो. कॉफी चढायला अर्धा तास लागतो, तोवर डुलकी होते. जास्त झोपलास तर उठल्यावर डोकं जड राहतं. उठून दहा-पंधरा मिनिटं चाल, मगच हँडल धर. तोंडावर पाणी मारून काही होत नाही.

नाहीतर सरळ बसने ये. इथे द्वारका चौकात मी येते घ्यायला. घाटात नको रे.

आरशाचे पैसे पाठवलेत. बाबांना कुत्र्याचंच सांगितलंय.

तुझी आई